सीझनची खरेदी कशी प्लॅन करायची: कपड्याच्या दुकानदारांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सीझन संपल्यावर रॅकवर जो माल उरतो ना, तो बहुतेक वेळा चार-सहा महिन्यांपूर्वी एका बैठकीत, सॅम्पल हातात घेऊन, "हे चालेल" असं म्हणून उचललेला असतो. तेव्हा गिऱ्हाईक समोर नसतं, हवा कशी राहील माहीत नसतं, शेजारचं दुकान काय आणणार तेही माहीत नसतं, तरी आपण अख्ख्या सीझनचा पैसा त्या एका अंदाजावर लावून मोकळे होतो. मला इथे मुख्य गोष्ट एकच सांगायचीये, की अंदाज कितीही डोकं लावून केला तरी थोडाफार चुकणारच, म्हणून खरेदी अशी बांधायची की चूक लवकर कळेल आणि कळल्यावर हातात पैसे शिल्लक असतील. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत. एका गाळ्याचं दुकान असो की चार-पाच शाखा, आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पायरी १: मागच्या सीझनचा खरा हिशोब काढा

बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर रिपोर्ट काढा, नसेल तर वहीवरून काढा, पण आयटमवार काढा. "शर्ट चांगले गेले" याला काही अर्थ नाही, कुठला शर्ट, कुठल्या किमतीचा, कुठल्या आठवड्यात गेला हे पाहिजे. सगळ्यात आधी सेल-थ्रू काढायचा, म्हणजे आलेल्या मालातला किती टक्के विकला गेला. ८० नग आले आणि ५२ विकले तर सेल-थ्रू ६५ टक्के. पण इथेच थांबू नका, कारण त्या ५२ मधले २० जर सेल लावल्यावर गेले असतील तर पूर्ण किमतीला फक्त ३२ गेलेत, म्हणजे खरा उठाव ४० टक्केच होता, आणि पुढच्या वर्षी हाच आयटम ८० नग मागवणं म्हणजे तीच चूक परत करणं.

मग मालाचे तीन ढीग करा. लवकर संपलेला, पूर्ण किमतीला शेवटपर्यंत नीट चाललेला, आणि डिस्काउंटशिवाय न हललेला. बहुतेक जण तिसऱ्या ढिगाकडे बघून हळहळतात कारण तो डोळ्यासमोर पडलेला असतो, पण पहिला ढीग जास्त महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. जो आयटम लवकर संपला त्याची न झालेली विक्री कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. रिपोर्ट म्हणतो ६० विकले, आणि आपण पुढच्या वर्षी ६५ मागवतो. तो पाचव्याच आठवड्यात संपला होता हे कुणी बघतच नाही.

हा आकडा काढायची एक सोपी रीत आहे. त्याच कॅटेगरीतले जे आयटम पूर्ण सीझन स्टॉकमध्ये होते ते बघा, त्यांची पाचव्या आठवड्यापर्यंत साधारण किती विक्री झाली होती. समजा एकूण विक्रीच्या ४५ टक्के. मग आपला आयटमही तशाच चालीने गेला असता असं धरलं तर ६० भागिले ०.४५, म्हणजे १३३ च्या आसपास मागणी होती. यातून थोडं कमी करायचं, कारण तो संपल्यावर काही गिऱ्हाइकांनी त्याऐवजी दुसरं काहीतरी घेतलं असणार आणि ती विक्री दुसऱ्या आयटमच्या नावावर आधीच लागलेली आहे. तर ११०-११५ धरा. ६५ आणि ११० मधला फरक बघा, आणि हा फरक पूर्ण किमतीच्या विक्रीतला आहे.

अजून एक, काउंटरवर एक वही ठेवा आणि गिऱ्हाइकाने मागितलेलं पण आपल्याकडे नसलेलं सगळं त्यात लिहायला लावा. साईज नव्हती, रंग नव्हता, तो प्रकारच नव्हता, जे असेल ते. कॉम्प्युटरला फक्त झालेली विक्री कळते, न झालेली विक्री या वहीत असते. परत आलेल्या मालाची कारणंही तिथेच लिहा, कारण "बाह्या आखूड आहेत" ही तक्रार परत परत येत असेल तर चूक अंदाजाची नाही, पॅटर्नची आहे.

जमलं तर कॅटेगरीनुसार आणखी एक गुणोत्तर काढा, सीझनभरात मिळालेलं एकूण मार्जिन (विक्री किंमत वजा खरेदी किंमत) भागिले सरासरी स्टॉकची खरेदी किंमत. एका कॅटेगरीत सरासरी १०० चा स्टॉक ठेवून १८० मार्जिन मिळालं तर १.८, दुसरीत २०० चा स्टॉक ठेवून २४० मिळालं तर १.२. दुसरीत मार्जिनची रक्कम मोठी दिसते, पण पैसा जास्त कमावतोय पहिलीतला. वाढीव बजेट कुठे द्यायचं हे ठरवताना याचा फार उपयोग होतो.

पायरी २: कॅलेंडर उलट्या दिशेने लावा

सीझन कधी सुरू होतो हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कुठल्या आठवड्यानंतर पूर्ण किमतीला माल जायचा थांबतो ते आधी लिहा, कारण सगळ्या तारखा तिथून मागे मोजायच्या आहेत. उदाहरणार्थ १६ आठवड्यांचा सीझन धरू. पहिले तीन आठवडे गिऱ्हाईक नुसतं बघतं आणि थोडं थोडं घेतं, चार ते दहा खरा जोर, अकरा ते तेरा उतार, आणि शेवटचे तीन साफसफाईचे. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, मागच्या दोन-तीन वर्षांची आठवडावार विक्री एका कागदावर मांडली की ही चाल लगेच दिसते.

आता माल रॅकवर लागायच्या तारखेपासून मागे चला. टॅग लावणं, तपासणं, इस्त्री. त्याआधी वाहतूक. त्याआधी शिलाई. त्याआधी कापड आणि रंग. प्रत्येक सप्लायरपुढे दोन आकडे लिहा, त्याने सांगितलेले दिवस आणि मागच्या वेळी प्रत्यक्षात लागलेले दिवस, आणि प्लॅनमध्ये नेहमी दुसरा आकडा वापरा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रिपीट ऑर्डरच्या, म्हणजे चालणारा माल परत मागवायच्या, शेवटच्या तारखेकडे. रिपीट यायला पाच आठवडे लागत असतील आणि दहाव्या आठवड्यानंतर उठाव पडणार असेल, तर सातव्या आठवड्यात दिलेली रिपीट बाराव्या आठवड्यात पोचते, म्हणजे आपण सेलसाठी माल मागवला असं होतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिली तर आठव्याच्या शेवटी येते आणि जोराचे दोन आठवडे तरी मिळतात. म्हणून प्रत्येक सप्लायरपुढे "यानंतर रिपीट नाही" ही तारीख सीझन सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर दुकानात गर्दी असताना उत्साहात ऑर्डर जाते.

यातूनच कळतं की लवकर माल देणारा सप्लायर थोडा महाग असला तरी का परवडतो. तो नगामागे पाच-सात टक्के जास्त घेत असेल पण दोन आठवड्यांत रिपीट देत असेल तर सुरुवातीला कमी माल उचलून चालतं, उरण्याची भीती कमी होते. स्वस्त पण तीन महिने लागणाऱ्याकडे फक्त तेच द्या ज्याच्या खपाबद्दल मनात शंका नाही.

निर्णय उशिरा घेण्याची किंमत मोठ्या कंपन्यांनाही पूर्वीच कळली होती. इटलीच्या बेनेटनने स्वेटर न रंगवलेल्या सुतात विणून ठेवायचे आणि कुठला रंग चालतोय ते दिसल्यावर रंगवायचे अशी पद्धत आणली, नाहीतर आधी सूत रंगवून मग विणायची रीत होती. आपण छोटे दुकानदार कारखाना बदलू शकत नाही, पण सप्लायरला एवढं तरी सांगू शकतो की या डिझाइनचे २०० नग पक्के, रंगांची वाटणी अमुक तारखेला देतो. कापड न रंगवलेलं पडून असेल तर बरेच जण ऐकतात. विचारायला हवं फक्त.

पायरी ३: विक्रीचा अंदाज, एक नाही तीन

मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांची विक्री घ्या आणि त्यातून एकदाच घडलेल्या गोष्टी काढून टाका. एखाद्या संस्थेने एकदम मोठी ऑर्डर दिली होती, किंवा समोरचा रस्ता महिनाभर खोदलेला होता, असं काही. सण किंवा सुट्ट्या दरवर्षी तारखा बदलत असतील तर तारखेला तारीख जुळवू नका, "सणाआधीचा तिसरा आठवडा" असं जुळवा, नाहीतर पूर्ण अंदाज दोन-तीन आठवड्यांनी सरकतो आणि माल ऐन वेळी गोडाऊनमध्ये नाहीतर अजून ट्रकमध्ये असतो.

हवामानाचं असं आहे की एकाच वर्षावर विसंबलं की घोळ होतो. मागच्या वर्षी थंडी उशिरा आली म्हणून जाड कपडे कमी गेले, आणि आपण यंदा कमी मागवले, तर यंदा थंडी वेळेवर आली की रॅक रिकामे. निदान दोन-तीन वर्षांची सरासरी घ्या आणि कुठल्या वर्षी हवा कशी होती ते शेजारी लिहा.

वाढ धरायची असेल तर तिला कारण पाहिजे. नवा माळा उघडला, ऑनलाइन विक्री सुरू केली, जवळ मोठी वसाहत झाली, तर वाढ धरा. "यंदा वीस टक्के वाढवूया" ही इच्छा झाली, तिच्या जोरावर माल उचलू नका.

शेवटी प्रत्येक कॅटेगरीसाठी तीन आकडे लिहा, वाईट गेलं तर किती, साधारण किती, जोरात गेलं तर किती. वाईट आणि जोरातल्या आकड्यात थोडंच अंतर असेल तर मागणी पक्की आहे, अंतर मोठं असेल तर जोखीम आहे, आणि हे अंतर मधल्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या स्पोर्ट ओबरमेयर या स्कीइंगचे कपडे करणाऱ्या कंपनीचं उदाहरण पुरवठ्याच्या अभ्यासात खूप शिकवलं जातं. तिथे खरेदी समितीने एकत्र बसून एक आकडा ठरवण्याऐवजी प्रत्येक सदस्याचा अंदाज वेगवेगळा लिहून घेतला. ज्या आयटमवर सगळ्यांचे आकडे जवळपास आले तिथे अंदाज बराच बरोबर निघायचा, आणि ज्यावर मतं फाटली तिथे चूकही मोठी व्हायची. मग त्यांनी मतं जुळलेल्या मालाचं उत्पादन आधी सुरू केलं आणि बाकीच्यासाठी सुरुवातीच्या ऑर्डरी बघेपर्यंत थांबले.

हे आपल्याकडे उद्यापासून करता येतं. सॅम्पल मांडा, दुकानातल्या चार-पाच जणांना एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगा. मालकाने आपला आकडा आधी बोलून दाखवायचा नाही, कारण तो बोलला की बाकीचे त्याच्याच आसपास लिहितात. काउंटरवरच्या मुलामुलींचं मत मी तरी सगळ्यात जास्त धरीन, कारण ट्रायल रूममधून बाहेर आलेला चेहरा रोज तेच बघतात.

पायरी ४: किती रकमेची खरेदी करायची हे कोष्टक ठरवेल

सॅम्पल बघायला जायच्या आधी हे झालंच पाहिजे. याला ओपन-टू-बाय म्हणतात आणि सूत्र एका ओळीत मावतं: महिन्याची अपेक्षित विक्री, अधिक अपेक्षित डिस्काउंट, अधिक महिनाअखेर लागणारा स्टॉक, वजा महिन्याच्या सुरुवातीचा स्टॉक, वजा आधीच दिलेल्या पण अजून न आलेल्या ऑर्डरी. सगळं विक्री किमतीत धरायचं.

आकडे घालून बघू. विक्री ५००, डिस्काउंट ५०, महिनाअखेर स्टॉक ९००, म्हणजे एकूण गरज १४५०. सुरुवातीचा स्टॉक ८०० वजा केला की ६५० उरले. यातल्या ४०० च्या ऑर्डरी आधीच दिलेल्या आहेत, मग नवीन खरेदीला जागा २५० ची. तुमची खरेदी किंमत विक्री किमतीच्या ६० टक्के असेल तर सप्लायरला द्यायची रक्कम १५०. बस. समोर कितीही सुंदर माल असला तरी या महिन्यात येणारा माल १५० चाच.

डिस्काउंटचा आकडा लोक यात घालतच नाहीत, आणि मग सेल लावायची वेळ आली की हात आखडतो, कारण मनात त्याची तयारीच नसते. थोडा माल स्वस्तात जाणार हे आधीच धरलं की निर्णय वेळेवर होतात. महिनाअखेरचा स्टॉकही अंदाजाने घालू नका, पुढच्या महिन्यात विक्री किती आहे त्यावर तो ठरतो. सीझनच्या शेवटच्या महिन्यात हा आकडा जवळजवळ फक्त बेसिक, म्हणजे बारा महिने चालणाऱ्या मालाएवढाच राहायला पाहिजे. हे कोष्टक कॅटेगरीनुसार करा, पूर्ण दुकानाचं एकच केलं तर एका कॅटेगरीतला तुंबलेला माल दुसरीचं बजेट खाऊन टाकतो आणि चांगल्या चालणाऱ्या गोष्टीला पैसे उरत नाहीत.

सोबत रोख रकमेचं वेगळं पान ठेवा. माल कधी येणार, बिल कधी भरायचं, गल्ल्यात पैसे कधी येणार. कागदावर नफ्यात असलेलं दुकान पैसे द्यायच्या आठवड्यात अडकू शकतं, आणि मग चालणाऱ्या मालाची रिपीट देता येत नाही.

पायरी ५: पैशाची वाटणी

माल तीन प्रकारात बसवा. बारा महिने चालणारा बेसिक, या सीझनचा फॅशन माल, आणि नवीन प्रयोग. सुरुवातीला अर्धं बजेट बेसिकला, पस्तीस टक्के फॅशनला, पंधरा टक्के प्रयोगाला असं धरायला हरकत नाही, नंतर तुमच्या आकड्यांनुसार बदला. तरुणांच्या फॅशनवर चालणारं दुकान आणि शाळेच्या मुलांचं दुकान यांची वाटणी एकसारखी असूच शकत नाही.

बेसिकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. तो पडून राहिला तरी पुढे विकला जातो म्हणून लोक सीझनच्या आधी ढिगाने भरून ठेवतात. पण साधा पांढरा शर्ट, काळी पँट सप्लायरकडे तयार स्टॉकमध्ये असेल आणि आठवड्यात मिळत असेल तर पैसा त्यात आधीपासून अडकवायचा कशाला. तिथे रीऑर्डरची पातळी ठरवा. आठवड्याला १० नग जातात, माल यायला दोन आठवडे लागतात, एक आठवड्याची सुरक्षितता, म्हणजे ३० वर आला की ऑर्डर द्यायची. जोराच्या आठवड्यांत तोच खप २० होणार असेल तर पातळी ६० करा, आणि जोर ओसरायच्या आधी परत खाली आणा. बेसिक संपणं मात्र परवडत नाही, गिऱ्हाईक तेच घ्यायला आलेलं असतं.

एकूण बजेटच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या ऑर्डरी सुरुवातीला द्या आणि बाकी रक्कम हातात ठेवा. ही राखीव रक्कम म्हणजे उरलेले पैसे नव्हेत, ती चालणाऱ्या मालाच्या रिपीटसाठी आणि मध्येच आलेल्या नव्या गोष्टीसाठी आहे. एखाद्या सप्लायरने "आत्ता सगळं घेतलंत तर चार टक्के कमी करतो" म्हटलं तर ते चार टक्के आणि शेवटी तीस-चाळीस टक्के सूट देऊन काढावा लागणारा माल यांचा हिशोब शेजारी शेजारी मांडून बघा. एकूण मालाच्या दहा टक्के नग जरी शेवटी विक्री किमतीच्या ४० टक्के सूट देऊन काढावे लागले, तरी ते चार टक्के केव्हाच संपलेले असतात.

पायरी ६: एका आयटमचे किती नग

इथे दोन प्रश्न आहेत, किती डिझाइन आणि प्रत्येकाचे किती. २४० नगांचं बजेट आहे असं समजा. २० डिझाइन घेतली तर प्रत्येकी १२, पाच साईज धरल्या तर एका साईजचे सरासरी अडीच नगही येत नाहीत, दोन रंग घेतले तर जेमतेम एक. पहिल्याच शनिवार-रविवारी साईज तुटतात आणि पुढचे दोन महिने रॅकवर कट साईजचा, म्हणजे काही साईज संपलेला माल लटकत राहतो. दहा डिझाइन प्रत्येकी २४ घेतली तर निदान पाच-सहा आठवडे माल पूर्ण दिसतो. दुकान भरलेलं दिसावं म्हणून डिझाइन वाढवायचा मोह फार असतो, पण गिऱ्हाइकाला आवडलेल्या गोष्टीत त्याची साईज मिळाली पाहिजे, हे जास्त मोलाचं.

प्रत्येकाचे किती, याला एक साधं गणित आहे. एक नग कमी पडला तर तुमचं जातं मार्जिन, एक नग जास्त झाला तर जातं खरेदी किंमत वजा सेलमध्ये मिळालेली किंमत. समजा १०० ला विकायचा आयटम ६० ला घेतला आणि उरला तर ४० ला जातो. कमी पडल्याचं नुकसान ४०, उरल्याचं नुकसान २०. कमी पडल्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. याचा अर्थ दर तीनपैकी दोन वेळा मागणी पूर्ण होईल एवढा माल घ्या, म्हणजे साधारण अंदाजापेक्षा थोडा जास्त. तोच आयटम इतका फॅशनेबल असेल की उरल्यावर २० लाच जाईल, तर उरल्याचं नुकसान ४० होतं, गुणोत्तर ०.५, मग मधल्या आकड्यावर थांबा. आणि उरल्यावर कुणी फुकटही नेणार नसेल तर उरल्याचं नुकसान ६०, ४० भागिले १००, म्हणजे ०.४, तिथे मधल्या आकड्याच्याही खाली राहा. पायरी ३ मधले तीन आकडे इथे कामाला येतात. गिऱ्हाईक आयटम नाही म्हणून दुकानच बदलत असेल तर कमी पडल्याचं नुकसान मार्जिनपेक्षा मोठं आहे, ते मनात धरा.

पायरी ७: साईज आणि रंग

साईजचा रेशो पूर्ण सीझनच्या विक्रीवरून काढू नका. सीझनअखेर सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या साईज आधीच संपलेल्या असतात आणि लोकांनी जे शिल्लक होतं ते सेलमध्ये घेतलेलं असतं, म्हणजे रिपोर्टमध्ये कमी खपणारी साईज उगाच मोठी दिसते. फक्त ते आठवडे घ्या ज्यात सगळ्या साईज उपलब्ध होत्या, बहुधा पहिले तीन-चार. त्यातून समजा असं निघालं की १०० नगांत स्मॉल १५, मीडियम ३०, लार्ज ३०, एक्सएल १७, डबल एक्सएल ८. हा तुमच्या गिऱ्हाइकाचा रेशो. ढगळ टी-शर्ट आणि अंगाबरोबर बसणारा शर्ट यांचा रेशो वेगळा, शाखांचाही वेगळा.

सप्लायर सेटवर माल देतो तेव्हा खरी अडचण येते. पाचही साईज एकेक असा सेट असेल तर १०० नगांत डबल एक्सएल २० येतात, गरज ८ ची. १२ नग पहिल्या दिवसापासून जास्तीचे, आणि मीडियम-लार्ज मिळून २० कमी. म्हणून थोडा जास्त भाव देऊनही सुटी साईज मिळत असेल तर निदान रिपीटमध्ये सुट्याच मागा. रिपीटमध्ये पूर्ण सेट मागवून तीच डबल एक्सएल परत घेणं अगदी टाळण्यासारखं आहे.

रंगात साधा नियम, दोन-तीन खात्रीचे गडद किंवा फिके बेसिक रंग खोलवर घ्या आणि एखादा उठावदार रंग थोडा. उठावदार रंग दर्शनी भागात लोकांना थांबवतो, हातात मात्र बऱ्याचदा नेव्ही ब्लू जातो.

पायरी ८: सप्लायरशी काय ठरवायचं

भावावर अर्धा तास घालवतात आणि तारखेवर एक मिनिट, असं बहुतेक सौद्यांत होतं. ऑर्डरवर या गोष्टी लेखी पाहिजेत: माल पोचायची तारीख, त्यानंतर किती दिवसांनी ऑर्डर आपोआप रद्द, माल किती टप्प्यांत येणार, कमीत कमी किती नग, सुटी साईज मिळेल का, रिपीटला किती दिवस, खराब माल किती दिवसांत परत, पैसे कधी. रद्द करायची तारीख फार महत्त्वाची, कारण ती नसली की उशिरा आलेला मालही घ्यावाच लागतो आणि तो थेट सेलच्या रॅकवर जातो.

कमीत कमी नगांची अट मोठी असेल तर दुसऱ्या गावच्या ओळखीच्या दुकानदाराबरोबर ऑर्डर वाटून घ्या. न चाललेल्या डिझाइनच्या बदल्यात दुसरं डिझाइन देण्याची तयारी असलेला सप्लायर मिळाला तर त्याला जपा. आणि मंजूर केलेलं एक सॅम्पल सही करून आपल्याकडे ठेवा, आलेला माल त्याच्याशी कापड, माप, रंग असा ताडून बघितल्याशिवाय आत घेऊ नका.

पायरी ९: सीझन सुरू झाल्यावर दर आठवड्याला

आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि एक पान भरा: आयटम, आलेले नग, विकलेले नग, सेल-थ्रू, शिल्लक, आणि शिल्लक किती आठवडे पुरेल. शेवटचा आकडा म्हणजे शिल्लक भागिले आठवड्याची विक्री. ९० नग पडलेत आणि आठवड्याला ६ जातात तर १५ आठवड्यांचा माल आहे, आणि सीझनचे नऊच राहिलेत, तर आज काहीतरी करायला हवं. दुसरीकडे ३० नग आहेत आणि आठवड्याला १५ जातात, तर दोनच आठवडे, रिपीटची तारीख गेली नसेल तर लगेच फोन करा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरंच चित्र दिसतं. आयटम हळू जात असेल तर थेट भाव पाडू नका, आधी बघा की सगळ्या साईज रॅकवर आहेत की गोडाऊनमध्येच बांधून पडल्यात, जागा बदला, पुढे आणा, दुसऱ्या कपड्याबरोबर जोडी करून लावा. आठवडाभरात फरक पडला नाही तर मग छोटी सूट द्या, आणि ती जोराच्या आठवड्यांतच द्या. गिऱ्हाईक दुकानात असताना २० टक्के सूट जे काम करते ते सीझन गेल्यावर ५० टक्क्यांनीही होत नाही. कितीला घेतलाय हे त्या क्षणी विसरायचं, तो पैसा गेलेला आहे, आता प्रश्न एवढाच की आज विकून आलेले पैसे चालणाऱ्या मालात घालता येतील का.

शाखा असतील तर कट साईज सगळीकडे थोड्या थोड्या ठेवू नका, जिथे तो आयटम चांगला जातोय तिथे गोळा करा, म्हणजे एका ठिकाणी तरी पूर्ण रेंज दिसते.

राखीव रक्कमही याच पानावरून खर्च करायची. जे चाललंय त्याला आधी द्या, नवीन डिझाइनला नंतर. एक जण आवडीने नवीन सॅम्पल घेऊन येतो आणि चालणारा आयटम दोन साईजमध्ये संपलेला असतो, हे फार दुकानांत दिसतं.

पायरी १०: शिल्लक माल

साफसफाईच्या आठवड्यांत प्रत्येक उरलेल्या आयटमला एकच प्रश्न विचारा, पुढच्या वर्षीसाठी हा आज नव्याने विकत घेतला असता का. हो असेल, साईज बऱ्यापैकी पूर्ण असतील, रंग उडणारं किंवा इलास्टिक सैल पडणारं कापड नसेल, तरच बांधून ठेवा, आणि ठेवलेल्या नगांची संख्या पुढच्या सीझनच्या कोष्टकात सुरुवातीचा स्टॉक म्हणून आजच लिहून टाका, नाहीतर पेट्या माळ्यावर राहतात आणि तोच माल परत ऑर्डर होतो. बाकी सगळं तिथल्या तिथे काढा, आणखी सूट देऊन, ठोक घेणाऱ्याला, किंवा गरजू लोकांपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेला. पेट्यांवर आयटम, साईजवार नग आणि बांधल्याची तारीख लिहा. दोन सीझन एकच पेटी माळ्यावरून उतरून परत वर गेली, तर तिसऱ्यांदा ती वर ठेवायची नाही.